रोमन साहेबाची सकाळची आंघोळ

माझी बायको सिल्व्हिया म्हणते, या माणसाने जन्मभर रोमचा इतिहास शिकवला नसता तर इथे कॅनडात, मिसिसागामध्ये आम्हाला चार मित्र जास्त मिळाले असते. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चर्चबाहेर कोणी गोड बोलायला लागलं की याला आपल्याकडून काय हवं असेल, हा विचार माझ्या मनात आधी येतो आणि ‘हॅपी ख्रिसमस’ नंतर. एकदा शेजाऱ्याने न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून टाकला, तेव्हा मी त्याच्याशी कित्येक दिवस जपून बोलत होतो. या नाताळ अंकात प्रेम, शांती आणि क्षमेवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी संशयावर लिहितो, कारण माझं घर त्यावर चाललं.

मी इथल्या एका कॉलेजात शिकवायचो. मुलं यायची लॉजिस्टिक्स, अकाउंटिंग, हॉटेल मॅनेजमेंट शिकायला. पण डिप्लोमा मिळवायचा तर आपल्या धंद्याशी संबंध नसलेला एखादा विषय घ्यावाच लागतो. त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. माझा विषय होता रोमचं राजकारण, प्रजासत्ताकापासून ख्रिस्ती साम्राज्यापर्यंत. वर्ग कायम भरलेला असायचा. मला आधी त्याचा अभिमान वाटायचा. मग कळलं की माझा तास दुपारी असतो, त्यामुळे पोरांना सकाळी विमानतळाजवळच्या वेअरहाऊसमधली शिफ्ट करता येते. सीझरला त्याचं काही श्रेय नव्हतं.

पहिल्या तासाला मी सांगायचो की रोमचं प्रजासत्ताक प्रेमावर उभं नव्हतं, ते संशयावर उभं होतं. राजाला हाकलून दिल्यावर त्या लोकांनी ठरवलं, आता एका माणसाच्या हातात काही द्यायचं नाही. म्हणून सर्वोच्च पदावर दोन कॉन्सल, तेही एकाच वर्षासाठी, आणि एकाने काही ठरवलं तर दुसरा ‘नाही’ म्हणू शकतो. मत द्यायला जाताना माणसाला एका फळीवरून चालत जावं लागे. ती फळी पुढे मुद्दाम अरुंद केली, म्हणजे शेजारी उभं राहून कोण कुठे मत टाकतो हे कोणाला डोकावून बघता येऊ नये. हे सांगताना मला नेहमी बरं वाटायचं. शंकेखोर माणसांनी बांधलेली इतकी सुंदर व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

ती मोडली कशी, हे सांगण्यात उरलेलं सेमिस्टर जायचं. पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने, सिनेटपुढे उभं राहून सगळे अधिकार परत केले, सिनेटर म्हणाले असं करू नका हो, आणि त्याने मोठ्या जड मनाने बहुतेक सगळे पुन्हा ठेवून घेतले. वर्गात एक ट्रक चालवणारा पंजाबी मुलगा होता. तो मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, कोई वापस नहीं देता. पहले से सेटिंग होगी.” त्या विषयावर मी जाडजाड पुस्तकं वाचली होती. त्यांचा निष्कर्ष साधारण तोच होता.

पुढे टायबेरियस सम्राटाच्या काळात चुगलखोरांना आरोपीच्या मालमत्तेतला हिस्सा मिळायचा. मग जेवणाच्या टेबलावरसुद्धा माणसं तोंड उघडेनात. तिथपर्यंत वर्ग खूश असायचा. पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याच्यापाशी आलो की आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चची मुलं अस्वस्थ व्हायची. मी सांगायचो, क्रूसाच्या चिन्हाने लढाई जिंकली असं तो म्हणाला खरं, पण त्याच्या नाण्यांवर सूर्यदेव पुढेही कित्येक वर्षं होता, आणि बाप्तिस्मा घेतला तो मरण जवळ आल्यावर. मी स्वतः दर रविवारी चर्चमध्ये मिसाला जाणारा माणूस. माझी श्रद्धा येशूवर आहे, सम्राटांवर नाही. फादरना हे पटायचं, पण ते इकडेतिकडे बघून मान हलवायचे.

आता धंद्यातली दुसरी बाजू सांगतो. शिकवण्यापेक्षा माझा जास्त वेळ लबाडी पकडण्यात जायचा. निबंध कोणी लिहिला, हा प्रश्न हल्ली प्रत्येक शिक्षकाला पडतो. विकत लिहून देणारे आहेत, कॉम्प्युटर आहे, आणि बेसमेंटमध्ये एकत्र राहणारे मित्र तर पूर्वीपासून आहेत. लोकांना वाटतं, दोघांची उत्तरं सारखी आली की चोरी. तसं नसतं. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. मी चुका बघतो. एकदा दोन मुलांनी डायोक्लेशियनला सिंहासनावर मारला. प्रत्यक्षात तो असा सम्राट की ज्याने आपण होऊन पद सोडलं आणि समुद्रकाठी जाऊन कोबी लावला. त्याला दोघांनीही एकाच प्रकारचं विष घातलं होतं. त्यांना केबिनमध्ये बोलावून मी एवढंच विचारलं, “विष कोणाचं?” दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

चूक ही माणसाची स्वतःची असते. ती कुठून आली हे शोधलं की माणूस सापडतो. एवढीच माझी विद्या.

वैष्णवीच्या प्रकरणाकडे येतो. ही कोल्हापूरकडची मुलगी, लॉजिस्टिक्सच्या डिप्लोमाला. शांत बसायची. इंग्रजीत बोलायची वेळ आली की मान खाली. तिचा निबंध आला, विषय होता, ‘कॉन्सल दरवर्षी बदलत, मग सत्ता खरी कोणाकडे होती?’ तिने लिहिलं होतं की सत्ता बड्या घरांच्या ओसरीवर होती. रोममध्ये प्रत्येक मोठ्या माणसाचे आश्रित असत. ते रोज सकाळी त्याच्या दारात मुजऱ्याला जमत, तो त्यांची कामं करी, आणि निवडणूक आली की ते त्याच्यासाठी मत देत. निबंध चांगला होता. फारच चांगला. इंग्रजीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. कॉलेजच्या सॉफ्टवेअरनेही तो लाल केला, म्हणजे हा निबंध माणसाचा वाटत नाही. नियमाप्रमाणे प्रकरण चौकशी समितीकडे गेलं.

हे इथल्या मुलाच्या बाबतीत झालं असतं तर फार तर विषय पुन्हा घ्यावा लागला असता. बाहेरून आलेल्या मुलीचं तसं नसतं. आधीच्या सेमिस्टरला तिला एकदा ताकीद मिळालेली होती, संदर्भ नीट दिले नाहीत म्हणून. दुसऱ्यांदा दोषी ठरली तर कॉलेजातून निलंबन, निलंबन झालं की स्टडी परमिट धोक्यात, आणि ते गेलं की पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा विषय संपला. तिला परत जावं लागलं असतं, आणि तेही ‘चीटिंग केली’ हा शिक्का घेऊन.

आणि मग ऑस्टिनचा फोन आला. ऑस्टिन आमच्या पॅरिशचा, माझ्यासारखाच वसईचा, त्याचं ग्रोसरी स्टोअर आहे. वैष्णवी त्याच्याकडे पार्टटाइम काम करायची.

“सर, ती पोरगी तुमच्या क्लासमध्ये आहे ना? व्हेरी सिन्सिअर हो. स्टोअरमध्ये कधी लेट नाही, कधी सिक कॉल नाही. जरा बघा ना.”

“काय बघू?”

“तेच हो. आपलीच पोरगी आहे, मराठी. तुम्ही बोललात तर होऊन जाईल.”

माझा संशय इथे दुप्पट झाला. ज्याने स्वतः लिहिलं आहे तो ओळख कशाला शोधेल? मी ऑस्टिनला तोडून टाकलं. पण रविवारी मिसानंतर आम्ही घरी पोहोचतो तो दारात ऑस्टिनची व्हॅन उभी, आणि पायरीवर वैष्णवी. हातात मिठाईचा बॉक्स. सिल्व्हियाने माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत दार उघडून दोघांना आत घेतलं.

“सर, मी स्वतः लिहिलोय,” ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी. “देवाशप्पथ. फक्त ग्रामर ॲपमधनं काढलो. तेवढं चालतंय म्हणून सांगितलेलं सगळ्यांनी.”

“मग हा बॉक्स कशाला?”

ती गोंधळली. तिला प्रश्नच कळला नाही. “सर, मोकळ्या हातानं कसं यायचं?”

“बाबांनी सांगितलं?”

“बाबा म्हणले, आधी सरांना जाऊन भेट. ओळखीच्या माणसाला घेऊन जा. एकटी जाऊ नको.”

मी तिला इंग्रजीतून विचारलं की रोमन आश्रित म्हणजे काय. ती अडखळली, दोन वाक्यं बोलली आणि डोळ्यांत पाणी आलं. मी बॉक्स ऑस्टिनच्या हातात परत दिला आणि चहासुद्धा न देता त्यांना वाटेला लावलं. सिल्व्हिया मला म्हणाली, “तुझ्या रोममध्ये पाहुण्याला पाणी तरी विचारत असतील.” दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मी निबंध पुन्हा काढला. या खेपेला पकडायच्या हेतूनेच वाचत होतो. पेन्सिल घेऊन बसलो आणि चुका शोधू लागलो. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबलो. तिथे लिहिलं होतं, आश्रित लोक आपल्या चपला फाटकाबाहेर काढून ठेवत. रोममध्ये सकाळच्या मुजऱ्याला कोणी पादत्राणं बाहेर काढत नसे. ठीक आहे, म्हटलं, कुठेतरी चुकीचं वाचलं असेल. पुढचं वाक्य असं होतं: बराच वेळ झाल्यावर घरातला गुलाम बाहेर येई आणि सांगे की मालक आंघोळीला गेले आहेत, मालक आंघोळीला गेलेले नाहीत हे सगळ्यांना माहीत असे, पण तसं कोणी म्हणत नसे.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि एकटाच हसायला लागलो. सिल्व्हिया बघायला आली.

रोमन माणूस सकाळी आंघोळ करत नसे. तो दुपारी, कामं आटपल्यावर, सार्वजनिक स्नानगृहात जाई. हे कुठल्याही पुस्तकात असतं. विकत निबंध लिहून देणारा माणूस ही चूक करणार नाही, कारण त्याला आंघोळ लिहायचं कारणच नाही. कॉम्प्युटरही करणार नाही. साहेब आंघोळीला गेलेत, हे वाक्य ज्याने बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, तोच फक्त ते रोममध्ये नेऊन ठेवील. आमच्याकडे वसईत हा प्रकार जरा वेगळ्या थाटात चालायचा, पण एका दाखल्यासाठी माझे वडील मला घेऊन एका आमदाराच्या ओटीवर बसले होते तेव्हा आंघोळ हीच होती. किती स्वच्छ माणूस, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण आता पंचाईत माझीच झाली. समितीत मी हे सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुम्ही विद्यार्थिनीला ओळखता का? ती माझ्या घरी आली होती, ओळखीच्या माणसाला घेऊन, मिठाई घेऊन. ती चार भिंतींतली गोष्ट होती, कोणाला कळायचं कारण नव्हतं. लपवलं तर माझ्या शब्दाला वजन राहत होतं आणि मुलगी वाचत होती. सांगितलं तर मी तिचा मालक आणि ती माझी आश्रित, असंच चित्र दिसणार होतं. खरं सांगतो, मी भ्यालो. माझ्यासाठी नाही. माझ्या खरं बोलण्याने तिचं नुकसान होईल म्हणून.

समितीच्या अध्यक्षा हेदर नावाच्या बाई होत्या. कामात चोख, आणि संशयाच्या बाबतीत माझ्या तोडीच्या. मी त्यांना आधी घरी आलेल्या पाहुण्यांचं सांगितलं आणि मग आंघोळीचं. त्यांनी पहिली गोष्ट लिहून घेतली. दुसऱ्या गोष्टीला त्यांनी पेन उचललं नाही.

“सो, तुमचं म्हणणं असं की तिने चूक केली म्हणून ती इनोसंट आहे?” त्यांनी विचारलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगतोय.

“ही चूक, हो.”

“आणि ही चूक ओळखू शकणारे इथे फक्त तुम्ही. तुम्ही तिच्याच प्रांतातले. आणि ती तुमच्या घरी आली होती.”

मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. रोममध्ये एक न्यायाधीश होता म्हणतात, तो प्रत्येक खटल्यात एवढंच विचारायचा की यात फायदा कोणाचा. हेदरबाईंनी तेच विचारलं होतं, आणि मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि आदरही वाटला.

मी म्हणालो, “मला बाहेर पाठवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोनवरून दुभाषी मिळतात, त्यांतला कोणीही अनोळखी मराठी माणूस घ्या. निबंधातलं काहीही तिला वाचून दाखवू नका. फक्त विचारा, मोठ्या माणसाच्या दारात सकाळी काय होतं? तिच्या भाषेत सांगू द्या.”

त्यांनी थोडा विचार केला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. वैष्णवी आत जाताना माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम नजर दिली नाही. हेदरबाई बघत होत्या.

बाहेर खुर्चीवर बसून मला जे काही ऐकू आलं ते एवढंच: आधी तिचा बारीक आवाज, मग थांबणं, मग स्पीकरवर दुभाष्या बाईंचं इंग्रजी. हळूहळू आवाज मोठा झाला. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी घडाघडा बोलत होती. साखर कारखान्याच्या चेअरमनचा बंगला, गाडीवर पुढे बसवून तिला घेऊन जाणारे बाबा, भावाच्या नोकरीचा अर्ज, नावं पुकारणारा पीए, आपल्यानंतर येऊन आधी आत जाणारी माणसं. मधेच दुभाष्या बाई भाषांतर करता करता हसायला लागल्या आणि ‘सॉरी, सॉरी’ म्हणाल्या. फोनवरच्या त्या अनोळखी बाईसुद्धा कधीतरी कुठल्यातरी फाटकाशी उभ्या राहिल्या असणार.

दार उघडून हेदरबाई बाहेर आल्या. “द बाथ,” त्या म्हणाल्या, “तिने न विचारता सांगितलं.” मग ग्रामर ॲपबद्दल त्यांनी तिला समज दिली आणि प्रकरण बंद केलं. निबंध तिचाच, असं स्पष्ट नोंदवलं. मार्क मात्र मी कापले, चपलांचे आणि आंघोळीचे. इतिहास तो इतिहास.

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे कबूल करतो. इतकी वर्षं संशय घेऊन मी पोरांना पकडलं होतं. संशय घेऊन कोणाला सोडवलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि तेही सगळं उघड, नियमाने, कोणाच्याही शब्दावर विसंबून नाही. त्या अरुंद फळीवरून एक मुलगी एकटी चालत गेली होती आणि पलीकडे पोहोचली होती. रोमनांना हे आवडलं असतं, असं मनात म्हणत मी पार्किंगकडे निघालो.

कॉलेजच्या बसस्टॉपवर ती उभी होती. थंडी बरीच होती. मला बघून ती पुढे आली आणि तिथल्या चिखलबर्फात माझ्या पाया पडायला वाकली. रांगेतले सगळे बघायला लागले. मी तिला धरून उभं केलं.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

तिने आवाज खाली घेतला. “तुम्ही नेमकं कुणाला बोललात?”

“म्हणजे?”

“त्या मॅडमच्या वरती कोण आहे ते?”

मला आधी कळेना. मग कळलं. मी तिला समजावून सांगायला लागलो. कोणालाही बोललो नाही. त्यांनी मला बाहेर बसवलं होतं, तू बघितलंस. तू आत जे सांगितलंस आणि निबंधात जे लिहिलं होतंस ते जुळलं. तू खरी होतीस, म्हणून सुटलीस. दुसरं काही कारण नाही. मी ते दोनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला ‘हो सर, हो सर’ म्हणत होती आणि समजूतदारपणे हसत होती, मोठ्या माणसाच्या विनयाला हसावं तशी.

“बरोबर आहे सर,” ती शेवटी म्हणाली. “असलं बोलून दाखवायचं नसतंय.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिकडे रात्र असणार, पण बाबा जागे होते. तिने माझ्याकडे बघून मान लववली, जरा बाजूला झाली आणि फोन कानाला लावला. तिचा आवाज आनंदाने भरून आला होता.

“होय बाबा, सुटलो,” ती म्हणाली. “सरांनी शब्द टाकला.”